मँचेस्टर युनायटेडला कोच का लाभत नाही?

२७ ऑगस्ट २०२५. सकाळी गणपती बसले होते. इंदिरानगरच्या आमच्या घरात दिवसभर पाहुण्यांची ये-जा, संध्याकाळची आरती, मोदकांचं जेवण. रात्री साडेबाराला घर झोपलं आणि मी नि माझा भाचा मखरासमोर सतरंजीवर मोबाइल टेकवून बसलो. समई रात्रभर तेवत ठेवायची असते, कोणीतरी जागं हवंच, म्हणून आईने परवानगी दिली होती. आवाज बंद ठेवायचा, एवढीच अट.

मॅच आमच्या लाडक्या मँचेस्टर युनायटेडची, लीग कप या इंग्लंडमधल्या बाद पद्धतीच्या स्पर्धेतली. समोर ग्रिम्सबी टाउन, इंग्लंडच्या चौथ्या श्रेणीत खेळणारा क्लब. मध्यंतराला ग्रिम्सबी २-० ने पुढे. शेवटच्या टप्प्यात युनायटेडच्या एम्ब्यूमो आणि मॅग्वायरने गोल करून बरोबरी साधली, मग पेनल्टी सुरू झाल्या त्या संपेचनात. अखेर एम्ब्यूमोचा फटका आडव्या दांड्यावर आदळला आणि १२-११ ने सामना गेला. कॅमेरा सारखा कोच रुबेन आमोरिमकडे जात होता. तो एक छोटा बोर्ड हातात धरून त्यावरची चुंबकं इकडून तिकडे सरकवत बसला होता. भाचा नववीत आहे. समईत तेल घालता घालता त्याने विचारलं, "मामा, आपण एवढे कोच बदलले. तरी दर वेळी असंच का होतं?"

तीन वाजत आले होते, मी त्याला झोपायला पाठवलं. पण प्रश्न अगदी बरोबर होता आणि त्याला उत्तर आहे. ते एका वाक्यात मावत नाही, म्हणून हा लेख.

आधी हजेरी घेऊ. सर ॲलेक्स फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ मध्ये आले आणि मे २०१३ मध्ये निवृत्त झाले. साडेसव्वीस वर्षांत ३८ करंडक, त्यात इंग्लंडच्या लीगची १३ विजेतेपदं. त्यांच्यानंतर डेव्हिड मॉयस दहा महिन्यांत गेला. लुई व्हान हाल दोन वर्षं टिकला, जोसे मोरिन्यो अडीच, ओले गुन्नार सोल्शायर जवळपास तीन, एरिक टेन हाग सव्वादोन, आमोरिम चौदा महिने. हे सहा कायमचे म्हणून आणलेले. मधल्या मधल्या काळात गाडा ओढायला बसवलेले वेगळेच. २०१३ नंतर लीगचं विजेतेपद एकदाही आलेलं नाही.

माणसंच चुकीची निवडली, असं म्हणून हा प्रश्न सुटत नाही. व्हान हालने १९९५ मध्ये आयाक्सला युरोपचं विजेतेपद मिळवून दिलं होतं. मोरिन्योने तेच पोर्तो आणि इंटर मिलान अशा दोन क्लबांना मिळवून दिलं. टेन हागने तरुण पोरांच्या जिवावर आयाक्सला २०१९ मध्ये त्याच स्पर्धेच्या, म्हणजे चॅम्पियन्स लीगच्या, उपांत्य फेरीत नेलं. आमोरिमने स्पोर्टिंग लिस्बनला २०२१ मध्ये एकोणीस वर्षांनी पोर्तुगालची लीग जिंकून दिली. एखाद्याची निवड चुकली असेल, दोघांची चुकली असेल. पण एवढी नावाजलेली माणसं एकाच खुर्चीत बसून ओळीने अपयशी ठरतात, तेव्हा खुर्ची कशावर ठेवली आहे ते तपासावं लागतं.

ही जमीन समजायची तर आधी एक शब्द नीट समजून घ्यायला हवा. 'मॅनेजर' हा तो शब्द. आपल्याकडे कोच म्हटलं की सराव घेणारा, टीम निवडणारा माणूस डोळ्यासमोर येतो. इंग्लंडमध्ये जुन्या पद्धतीचा मॅनेजर यापेक्षा कितीतरी मोठा असायचा. कोणता खेळाडू विकत घ्यायचा, कोणाला विकायचं, चौदा-पंधरा वर्षांची कोणती मुलं क्लबच्या शाळेत घ्यायची, कोणत्या गावात कोणाला बघायला माणूस पाठवायचा, हे सगळं तोच ठरवायचा. फर्ग्युसन त्या पद्धतीचे. त्यांच्यासोबत कारभार बघायला डेव्हिड गिल होते. मैदानातलं आणि मैदानाबाहेरचं मिळून सगळं या दोघांच्या डोक्यात होतं.

आणि २०१३ च्या उन्हाळ्यात दोघे एकदमच गेले. माझ्या मते या गोष्टीकडे लोकांचं सर्वात जास्त दुर्लक्ष झालं आहे. सगळ्यांनी फर्ग्युसन गेले एवढंच पाहिलं. खरं तर एका माणसाच्या अंगावर दोन कामं होती आणि ती दोन्ही उघडी पडली. एक काम होतं या आठवड्याची मॅच जिंकण्याचं. दुसरं होतं तीन वर्षांनी जिंकायला लागणारी टीम आज घडवण्याचं. पहिल्या कामाला मॉयसला आणलं. दुसऱ्या कामाला कोणी आणलंच नाही.

हे दुसरं काम म्हणजे काय, हे भाच्याला मी दिवाळीच्या सुट्टीत निफाड तालुक्यात दादाच्या द्राक्षबागेत दाखवलं. नाशिकच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. द्राक्षाची छाटणी वर्षात दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी. जुन्या काड्या काढून टाकतात, नवी फूट येते, तिच्या पुढे काड्या होतात. त्या काड्यांवरच्या डोळ्यांच्या, म्हणजे जिथून कोंब फुटतात त्या गाठींच्या, आत पुढच्या हंगामाचा घड तयार होतो, आणि तो तयार होतो छाटणीनंतरच्या साधारण चाळीस ते साठ दिवसांत, ऐन मे-जूनमध्ये. बाहेरून काहीच दिसत नाही. मग ऑक्टोबरची गोडी छाटणी येते. तिच्यानंतर डोळे फुटतात, घड बाहेर पडतात आणि सगळ्या गावाला दिसतं की कोणाची बाग लागली आणि कोणाची गेली.

२०२५ मध्ये मे महिन्यातच पाऊस सुरू झाला. ज्या दिवसांत काडीला ऊन हवं होतं त्या दिवसांत आभाळ भरलेलं. दादाने छाटणीआधी काड्या तपासणीला दिल्या होत्या. तिथे एकेक डोळा ब्लेडने उभा कापून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवतात. भाच्याला दादाने तसा एक डोळा कापून दाखवला. नुसत्या डोळ्यांना त्यात हिरवट ठिपक्यापलीकडे काही दिसत नाही, पण तपासणीच्या कागदावर लिहिलेलं होतं: बऱ्याच डोळ्यांत घड नाही, काहींत बाळी, म्हणजे घडाऐवजी नुसता वेलीचा ताणा, काहींत बारीक गोळी घड. भाचा म्हणाला, "मोठे मामा, मग आता काही औषध मारून घड आणता येत नाही?" दादा कात्री पुसत म्हणाला, "जे डोळ्यात आहे तेच बाहेर येणार बाळा. आत्ता फक्त ते नीट फुटवायचं."

बांधावर छाटणीची टोळी जेवत बसली होती. त्यांची कात्री कितीही चांगली चालली तरी त्या बागेत यंदा घड कमीच येणार होते. भाच्याला मी विचारलं, आता सांग, यात छाटणाऱ्यांचा दोष किती?

फुटबॉलचा कोच हा ऑक्टोबरचा छाटणीवाला असतो. त्याच्या हातात खूप काही असतं. छाटणी चुकली तर चांगली बागही वाया जाते, म्हणून कोचला काहीच महत्त्व नाही असं मी मुळीच म्हणणार नाही. पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? युनायटेडने बारा वर्षं ऑक्टोबरचा माणूस बदलला. एप्रिलला बागेत कोण होतं, हे कोणी विचारलं नाही.

आता हे प्रत्यक्षात कसं घडलं ते पाहू. फर्ग्युसननी शेवटच्या वर्षी लीग ११ गुणांच्या फरकाने जिंकली, पण ती टीम वयस्क झाली होती. फर्डिनंड ३४ वर्षांचा, एव्हरा ३२ चा, गिग्ज चाळिशीला टेकलेला. रॉबिन व्हान पर्सीने त्या मोसमात लीगमध्ये २६ गोल केले होते, त्यालाही तिशी लागत होती. ती टीम फर्ग्युसन त्यांच्या धाकाने आणि हुशारीने ओढत होते. तेव्हा खरड छाटणीची वेळ आली होती. गिल यांच्या जागी आलेला एड वूडवर्ड मूळचा बँकेतला माणूस. ग्लेझर कुटुंबाने २००५ मध्ये क्लब विकत घेतला त्या व्यवहारात त्याने सल्ला दिला होता. जाहिराती आणि प्रायोजक आणण्यात तो पटाईत होता, पण खेळाडू निवडण्याचा अनुभव त्याच्याकडे नव्हता. मॉयसच्या पहिल्या उन्हाळ्यात मोठी खरेदी म्हणजे एकटा फेलायनी, तोही शेवटच्या दिवशी. वर मॉयसने फर्ग्युसनांचे मदतनीस जाऊ दिले आणि स्वतःची माणसं आणली. म्हणजे बागेची माहिती असलेला शेवटचा माणूसही फाटकाबाहेर गेला.

९ फेब्रुवारी २०१४ ची फुलहॅमविरुद्धची मॅच मला अजून टोचते. फुलहॅम गुणतक्त्यात तळाला, मॅच आपल्याच मैदानावर. युनायटेडने त्या दिवशी बाजूने आत टाकलेले चेंडू, म्हणजे क्रॉस, ८१ मारले. एक्क्याऐंशी! फुलहॅमचे उंच बचावपटू डोक्याने ते बाहेर काढत राहिले आणि अखेरच्या क्षणी फुलहॅमने बरोबरीचा गोलही केला. २-२. त्या रात्री पहिल्यांदा मला कळलं की हे नुसतं एका वाईट मोसमाचं दुखणं नाही. या टीमला दुसरं काही करताच येत नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मग नवे खेळाडू घ्यायचे. घेतले की. पैशाची टंचाई हे कारण युनायटेडच्या बाबतीत चालणार नाही. ग्लेझरांनी क्लब सुमारे ७९ कोटी पाउंडांना घेतला तेव्हा त्यातलं बरंच कर्ज क्लबच्याच डोक्यावर टाकलं, त्याचा राग मलाही आहे आणि तो राग रास्त आहे. तरीही २०१३ नंतर खेळाडूंवर प्रचंड पैसा ओतला गेला. २०१६ मध्ये पॉल पोग्बासाठी ८ कोटी ९० लाख पाउंड दिले, तो तेव्हाचा जागतिक विक्रम होता. घोडं पेंड खात होतं ते वेगळ्याच जागी: दर वेळी नव्या कोचच्या पसंतीने, नव्या कल्पनेने खरेदी व्हायची, आणि कोच गेला तरी खेळाडू मागे उरायचे.

याचं एक उदाहरण मी भाच्याला वहीत लिहून दिलं. २६ फेब्रुवारी २०२३ ला टेन हागच्या टीमने न्यूकॅसलला हरवून लीग कप जिंकला. सहा वर्षांतला पहिला करंडक, आनंदाची रात्र. पण त्या दिवशी मैदानात उतरलेले अकरा बघा. गोलमध्ये डेव्हिड डे हेया, फर्ग्युसनांनी आणलेला. ल्यूक शॉ व्हान हालच्या वेळी आलेला, मार्कस रॅशफर्डला क्लबच्याच शाळेतून पहिल्यांदा खेळवलं तेही व्हान हालनेच. दालो आणि फ्रेड मोरिन्योच्या काळातले. व्हरान आणि ब्रुनो फर्नांडिस सोल्शायरच्या. कासेमिरो, लिसांद्रो मार्टिनेझ, अँटनी आणि उसना आणलेला वेगहोर्स्ट टेन हागचे. अकरा खेळाडू, पाच मॅनेजर. प्रत्येकाने आपल्या खेळासाठी निवडलेले, आणि ते पाच खेळ एकमेकांशी जुळणारे नव्हते.

व्हान हालला चेंडू आपल्याकडे ठेवायचा होता, घाई न करता. मोरिन्योला मागे घट्ट उभं राहायचं होतं आणि संधी मिळताच झेप घ्यायची होती. सोल्शायरला वेगवान पोरं घेऊन मोकळ्या जागेत पळायचं होतं. टेन हागला गोलकीपरपासून पास देत चेंडू पुढे न्यायचा होता, म्हणून २०२३ मध्ये डे हेयाला जावं लागलं आणि आयाक्सचाच जुना गोलकीपर ओनाना आला. आमोरिमला मागे तीन बचावपटू हवे होते आणि दोन्ही कडांना अख्खी बाजू धावून काढणारे दोन जण, ज्यांना विंगबॅक म्हणतात.

लहान पातळीवर हे भाच्याने स्वतः भोगलं आहे. आमच्या भागातल्या एका अकादमीत दोन वर्षांत चार कोच झाले. एक सांगायचा, चेंडू जमिनीवर ठेवा, जवळ पास द्या. पुढचा आला, तो म्हणाला, मागून लांब मारा आणि पळा. तिसऱ्याने भाच्याला मिडफिल्डमधून काढून मागे उभं केलं. चौथ्याने परत पुढे. पोराचा पाय चांगला आहे, पण चेंडू आला की तो आता आधी कोचकडे बघतो. मैदानाच्या कडेला उभं राहून हे बघताना जीव तुटतो. युनायटेडच्या ओल्ड ट्रॅफर्ड मैदानावर कोट्यवधींचे खेळाडू त्याच नजरेने कोचच्या बाकाकडे बघताना मी पाहिले आहेत.

मोसमागणिक टीम पालटत का नाही, याचंही उत्तर साधं आहे. खेळाडूशी करार चार-पाच वर्षांचा असतो. पगार युनायटेडचा, म्हणजे भरपूर. नव्या कोचला तो नको असला तरी तेवढा पगार देणारा दुसरा क्लब सापडत नाही, आणि खेळाडूने तोट्यात का जावं? जेडन सांचो, अँटनी यांच्याबाबत हेच झालं. अँटनीसाठी आठ कोटींहून जास्त पाउंड मोजले होते. तो शेवटी स्पेनच्या रेआल बेतिसला गेला तेव्हा त्यातला फार थोडा पैसा परत आला. हॅरी मॅग्वायरची गोष्ट तर अशी की २०१८ च्या उन्हाळ्यात मोरिन्यो उघडपणे नवा सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू, मागत होता. तेव्हा घेतला नाही. डिसेंबरमध्ये मोरिन्योलाच नारळ दिला, त्याच्या आणि त्याच्या मदतनिसांच्या भरपाईपोटी १ कोटी ९६ लाख पाउंड मोजले, आणि पुढच्या उन्हाळ्यात ८ कोटी पाउंडांना मॅग्वायरला आणलं. मागणी एकाची, खरेदी दुसऱ्यासाठी.

इथे एक फसवी गोष्ट समजून घेतली पाहिजे, कारण तिच्यामुळेच कोच बदलण्याची चटक लागते. कोच बदलला की पहिले काही सामने टीम खरंच चांगली खेळते. सोल्शायर डिसेंबर २०१८ मध्ये तात्पुरता म्हणून आला आणि पहिल्या १९ पैकी १४ सामने जिंकला. पॅरिसला जाऊन शेवटच्या मिनिटाच्या पेनल्टीवर तिथल्या पीएसजी क्लबला चॅम्पियन्स लीगमधून बाहेर काढलं, तेव्हा मीही पहाटे उठून नाचलो होतो. २८ मार्च २०१९ ला त्याला कायम केलं. त्यानंतरच्या मोसमाअखेरपर्यंतच्या दहा सामन्यांत दोन विजय.

असं का होतं? पिंपळगावच्या बाजारात टोमॅटो घेऊन जाणाऱ्याला विचारा. भाव पार मातीमोल होतो तेव्हा माणूस चिडून आडत्या बदलतो. आठ-पंधरा दिवसांत भाव थोडा चढतो, कारण एवढा पडलेला भाव बहुतेक वेळा वर येतच असतो. श्रेय मात्र नव्या आडत्याला मिळतं. कोचला काढतात ते टीम सर्वात वाईट खेळत असताना, जेव्हा फॉर्मबरोबर नशीबही रुसलेलं असतं. गोलपोस्टला लागलेले चेंडू, जखमी खेळाडू, पंचांचे निर्णय, यातलं बरंचसं आपोआप पुन्हा सरासरीवर येणारच असतं. त्यात नव्या माणसासमोर खेळाडू चार आठवडे जास्त जोर लावतात. मग सरासरी गाठली जाते, आणि सरासरी ठरवतो तो टीमचा मूळ कस. सोल्शायर लीगमध्ये एकदा तिसरा, एकदा दुसरा आला, २०२१ ची युरोपा लीगची, म्हणजे युरोपच्या दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धेची, अंतिम लढत पेनल्टीवर हरला. प्रामाणिक माणूस होता. पण ऑक्टोबर २०२१ मध्ये घरच्या मैदानावर लिव्हरपूलने ०-५ अशी धूळ चारली आणि पुढच्याच महिन्यात तो गेला. त्याच्या जागी मोसम संपेपर्यंत बसवलेल्या राल्फ रांगनिकने जाहीरपणे सांगितलं की वरवरच्या मलमपट्टीने भागणार नाही, या क्लबवर छाती उघडून शस्त्रक्रिया करावी लागेल. त्याचं ऐकायला हवं होतं, असं मला आजही वाटतं.

कोणी म्हणेल, लंडनचा चेल्सी क्लब तर कोच बदलून बदलूनच जिंकत होता. हे खरं आहे आणि ते टाळता येणार नाही. २०१२ मध्ये मोसमाच्या मध्यात आलेल्या दी मॅतेओने चेल्सीला चॅम्पियन्स लीग मिळवून दिली, २०२१ मध्ये जानेवारीत आलेल्या टुखलने मे महिन्यात. पण तिथे खेळाडू घेण्याचं काम कोचच्या खुर्चीशी बांधलेलं नव्हतं. कोच येत-जात होते, खरेदी करणारी माणसं वर्षानुवर्षं तीच होती. एप्रिलची छाटणी चुकत नव्हती.

मँचेस्टर सिटीने हेच जास्त शांतपणे केलं. पेप ग्वार्डिओला २०१६ मध्ये आला. पण त्याच्यासोबत बार्सिलोनात काम केलेले फेरान सोरियानो आणि चिकी बेगिरिस्ताइन यांना सिटीने २०१२ मध्येच आणून बसवलं होतं. कोच यायच्या चार वर्षं आधी त्याच्या खेळाची माणसं क्लबात होती. तरीही पहिल्या मोसमात ग्वार्डिओलाला एकही करंडक मिळाला नाही. दुसऱ्या मोसमात लीगमध्ये १०० गुण. लिव्हरपूलचं उदाहरण सांगताना युनायटेडवाल्याची जीभ अडखळते, पण सांगायलाच हवं. जवळपास नऊ वर्षांनी कोच क्लॉप गेला, आर्ने स्लॉट आला, त्या मोसमासाठी मुख्य टीममध्ये नवा खेळाडू फक्त एक आला, किएझा, आणि २०२४-२५ ची लीग त्यांनी जिंकली. बाग तयार होती, छाटणारा हुशार निघाला.

आणि बाहेर कशाला बघायचं, युनायटेडच्याच इतिहासात हे एकदा घडून गेलं आहे. सर मॅट बझ्बी १९४५ पासून मॅनेजर होते. म्यूनिकच्या विमान अपघातात अर्धी टीम गेली, स्वतः मरणाच्या दारातून परतले आणि दहा वर्षांनी, १९६८ मध्ये, युरोपचं विजेतेपद आणलं. १९६९ मध्ये त्यांनी जबाबदारी सोडली आणि ती ३१ वर्षांच्या विल्फ मॅकगिनेसकडे गेली. बझ्बी मात्र क्लबातच राहिले. ज्यांच्याबरोबर काल ड्रेसिंग रूम वाटून घेतली त्यांनाच बाकावर बसवायची पाळी मॅकगिनेसवर आली, आणि नाराज खेळाडूंना वर जायला जिना होताच. दीड वर्षात तो गेला. मग ओफॅरेल, मग डोकर्टी, आणि १९७४ मध्ये युरोप जिंकून सहाच वर्षं झालेला हा क्लब खालच्या श्रेणीत ढकलला गेला. पुढे सेक्स्टन, ॲटकिन्सन. १९६७ नंतरची पुढची लीग आली ती १९९३ मध्ये. सव्वीस वर्षं.

ती सव्वीस वर्षं संपवणारे फर्ग्युसन स्वतः पहिली साडेतीन वर्षं काहीही जिंकले नव्हते. १९८९-९० मध्ये युनायटेड तेरावं आलं. सप्टेंबर १९८९ मध्ये सिटीने ५-१ ने तुडवलं. डिसेंबरमध्ये प्रेक्षकांत त्यांनी जावं म्हणून फलक झळकला. पण त्या वर्षांत ते काय करत होते? मुलं शोधणारी माणसं वाढवत होते, क्लबची शाळा नव्याने उभी करत होते. रायन गिग्ज त्याच काळात क्लबात आला. १९९२ मध्ये युवा करंडक जिंकलेल्या पोरांत बेकहॅम, गॅरी नेव्हिल आणि निकी बट होते. फर्ग्युसननी एप्रिल आणि ऑक्टोबर, दोन्ही छाटण्या स्वतः केल्या. "मॅनेजरला वेळ द्या" असं आज जे म्हणतात ते अर्धंच सांगतात. वेळ मिळाला म्हणून ते जिंकले नाहीत. मिळालेल्या वेळात त्यांनी काड्या तयार केल्या.

मग हे दुसरं काम आज कोणी करायचं? बाकीच्या युरोपात त्यासाठी वेगळा माणूस असतो, स्पोर्टिंग डायरेक्टर. क्लबचा खेळ कसा असावा, कोणत्या जागी कोण लागेल, हे तो ठरवतो आणि त्या खेळाला साजेसा कोच शोधतो. कोच गेला तरी तो राहतो. युनायटेडला असा माणूस नेमायला मार्च २०२१ उजाडलं. फर्ग्युसन जाऊन जवळपास आठ वर्षं. २०२४ च्या फेब्रुवारीत उद्योगपती सर जिम रॅटक्लिफ यांनी क्लबचा चौथ्या हिश्शाहून थोडा जास्त भाग घेतला आणि फुटबॉलचा कारभार हातात घेतला, तेव्हा मला खूप आशा वाटली होती. न्यूकॅसलहून डॅन ॲशवर्थला याच कामासाठी आणलं. पाच महिन्यांत तो बाहेर.

त्या एका उन्हाळ्यात सगळा रोग एकत्र दिसतो. मे २०२४ मध्ये टेन हागने सिटीला हरवून एफए कप ही इंग्लंडची जुनी बाद स्पर्धा जिंकली, पण लीगमध्ये आठवा आला. क्लबने दुसरे कोच चाचपून पाहिले, मग त्याचाच करार वाढवला. त्याच्यासाठी डी लिख्त, मझरावी, झिर्क्झी, उगार्ते, योरो असे पाच खेळाडू घेतले. २८ ऑक्टोबरला त्याला काढलं. त्याच्या आणि मदतनिसांच्या भरपाईचे १ कोटी ४ लाख पाउंड. नोव्हेंबरमध्ये आमोरिमला सोडवून आणायला आणखी सुमारे १ कोटी १० लाख. आमोरिमला मोसम संपल्यावर यायचं होतं, क्लबला तो लगेच हवा होता. आणि त्याच्या तीन बचावपटूंच्या खेळासाठी ही टीम घडवलेलीच नव्हती. विंगबॅक म्हणावा असा डॉर्गू फेब्रुवारीत आला. टीम पंधरावी आली, ४२ गुण. खालच्या श्रेणीत गेलेल्या १९७३-७४ नंतरचा सर्वात वाईट मोसम.

आमोरिमची नेमणूक 'हेड कोच' म्हणून झाली होती. क्लबच्या इतिहासात ही पाटी पहिल्यांदाच लागली. म्हणजे खेळाडू आणण्याचं काम आता दुसऱ्याचं, हे कागदावर मान्य झालं. पण ४ जानेवारी २०२६ ला लीड्सशी बरोबरी झाल्यावर आमोरिम पत्रकारांसमोर म्हणाला की मी इथे मॅनेजर व्हायला आलो आहे, कोच व्हायला नाही. दुसऱ्या दिवशी त्याला नारळ मिळाला. मला दोघांचंही दुःख कळतं. ज्याला खेळ बदलायला सांगितलं जातं, त्याला वाटतं टीम माझी आहे. वरच्यांना वाटतं, टीम क्लबची आहे. हे भांडण नेमणुकीच्या दिवशी मिटायला हवं होतं, चौदा महिन्यांनी नाही.

आपल्या भारतीय संघालाही हेच माप लावून पाहता येतं. कोच स्टिमाच गेला, मानोलो मार्केझ एफसी गोवा हा क्लब सांभाळत एक वर्ष राहिला, ऑगस्ट २०२५ पासून खालिद जमील. ऐझॉलसारख्या छोट्या क्लबला २०१७ मध्ये आय-लीग ही भारतातली लीग जिंकून देणारा हा माणूस मला फार आवडतो. पण दहा वर्षांच्या पोरांना वर्षभर सामने कुठे मिळतात, हा प्रश्न त्याच्या टेबलावर येतच नाही, आणि घड तिथेच तयार होतो.

लीड्सच्या सामन्यानंतर भाच्याचा फोन आला होता. युनायटेडचाच जुना खेळाडू मायकेल कॅरिकला मोसम संपेपर्यंत कोच म्हणून आणल्यावर पुन्हा आला. पुढचा कोच कोण, यावर त्याच्या वर्गात पैजा लागल्या आहेत. मी त्याला म्हटलं, नाव जाहीर झालं की दोन गोष्टी बघ. तो आजवर जसा खेळत आला, तसे किती खेळाडू आत्ता आपल्याकडे आहेत ते मोज. आणि जूनमध्ये पहिले दोन खेळाडू येतील ते कोणी निवडले, कोचने की डायरेक्टरने, ते शोध.

दादाच्या बागेत यंदा घड मोजकेच लागले. जे लागले ते गोड निघाले, फेब्रुवारीत दोन पेट्या घरी आल्या. खरड छाटणी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात धरली आहे, येताय का, म्हणून त्याने विचारलंय. भाच्याची वार्षिक परीक्षा आहे. संपली की त्याच दिवशी निघू, असं त्याला कबूल केलंय.